आरती संपली आणि फोनने स्वतःच पुढचं गाणं लावलं: घरातल्या म्युझिक ॲप्सना चाळणी लावायची तर

दोन वर्षांपूर्वीची गौरीजेवणाची दुपार. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत सतरा माणसं. फ्रिजवर ब्लूटूथ स्पीकर, त्याला माझा फोन जोडलेला, फोनवर आरत्यांची यादी. मंत्रपुष्पांजली झाली, पानं वाढली गेली आणि यादी संपली. ॲपला वाटलं, या लोकांना अजून गाणी हवी असणार. आदल्या रात्री थोरल्याने माझ्याच फोनवर तासभर रॅप ऐकलं होतं, ते ॲपच्या लक्षात होतं. एक भक्तिगीत, मग आणखी एक, आणि तिसऱ्याच्या पहिल्याच ओळीत आईवरून सणसणीत शिवी.

आत्याबाईंच्या हातात घाटल्याची वाटी तशीच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणाला गं तो?" माझी धाकटी तेव्हा तिसरीत होती. आजीला ऐकू आलं नाही असं समजून तिने ते वाक्य पुन्हा, स्पष्ट उच्चारात, म्हणून दाखवलं.

त्या रात्री भांडी आवरल्यावर मी घरातला एकेक फोन, टीव्ही आणि बोलका स्पीकर घेऊन बसले. पुढे बिल्डिंगमधल्या चार-पाच घरांतही हेच करून दिलं. त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहिते. घरात एक-दोनच फोन असतील तर तासाभराचं काम आहे.

गाण्यापुढचा तो 'ई' लावतं कोण?

इंग्रजी गाण्यांच्या नावाशेजारी छोट्या चौकोनात 'ई' हे इंग्रजी अक्षर दिसतं. एक्सप्लिसिट, म्हणजे शिव्या किंवा उघड लैंगिक, हिंसक बोल असलेलं गाणं. बहुतेक म्युझिक ॲप्सची चाळणी या एका अक्षरावर चालते. ते असेल तर गाणं अडतं, नसेल तर सुटतं.

हे अक्षर अमेरिकेतल्या एका भांडणातून आलं. 1985 साली वॉशिंग्टनमधल्या काही राजकारण्यांच्या बायकांनी गाण्यांच्या बोलांवर पालकांसाठी इशारा छापा, अशी मागणी केली. टिपर गोर त्यांतल्या एक. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर यांच्यासारखे गायक या मागणीविरुद्ध बोलायला तिथे हजर झाले. शेवटी कॅसेट कंपन्यांनी इशारा छापायचं कबूल केलं, आणि 1990 पासून सगळीकडे सारखी काळी-पांढरी पट्टी दिसू लागली. आजचा 'ई' त्या पट्टीचाच वंशज.

यातला पालकांच्या कामाचा मुद्दा असा की पट्टी सरकारने लावली नाही, दुकानदारानेही नाही. गाणं काढणाऱ्या कंपनीने स्वतः लावली. आजही तेच चालतं. गाणं ॲपवर चढवताना कंपनी किंवा वितरक 'एक्सप्लिसिट' या रकान्यात टिक करतो. टिक केली नाही तर 'ई' नाही. सिनेमाला आपल्याकडे सेन्सॉर बोर्ड आहे, 2024 पासून तर यूए मध्येही 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे झाले. सुट्या गाण्याला असा टप्पा नाही. एक अक्षर असतं किंवा नसतं.

आणि इथेच आपली गोची होते. नायगावच्या चाळीत वाढलेल्या दादा कोंडक्यांनी सेन्सॉर बोर्डाला वर्षानुवर्षं याच पेचात धरलं. एकेक शब्द सुटा काढून पाहिला तर सोज्वळ, देवघरात म्हणावा इतका. सगळे मिळून थिएटरात ऐकले की शिट्ट्या. बोर्डावर बसलेल्या मराठी माणसांना जे कात्रीत पकडता आलं नाही, ते रकान्यातली टिक काय पकडणार?

म्हणून आधीच सांगते, म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही. इंग्रजी गाणी आणि नावाजलेल्या कंपन्यांनी काढलेलं रॅप यांत चाळणी चांगली चालते. हिंदी-पंजाबी पार्टीगाण्यांत शिवी नसते, दारू आणि बाईची कंबर असते. त्यांतली बहुतेक आरामात गळून खाली येतात. वरातीतली डीजे मिक्स आणि द्व्यर्थी गाणी तर कुणी घरबसल्या चढवलेली असतात, त्यांना कसलीच खूण नसते. सेटिंगने अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं यादीने करायचं, त्याकडे पुढे येते.

आधी खाती वेगळी करा

बहुतेक घरांत हीच पायरी गाळली जाते. एका माणसाच्या नावाने ॲप चालू असतं, आणि सकाळी आजीचे अभंग, दुपारी धाकटीची बालगीतं, रात्री थोरल्याचं रॅप असं सगळं त्याच खात्यावर. ॲप प्रत्येकाच्या आवडीचा काला करतं आणि तोच काला सगळ्यांच्या पानात वाढतं. आमच्या गौरीजेवणात झालं ते हेच.

पैसे भरून ॲप वापरत असाल तर फॅमिली प्लॅन बघा. स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनमध्ये एका पत्त्यावर राहणाऱ्यांना स्वतंत्र खाती मिळतात. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये सहा जण, आणि यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनमध्ये प्लॅन घेणारा अधिक पाच. फुकट वापरत असाल तरी निदान दोन खाती करा: एक मोठ्यांचं आणि एक हॉलमधलं. हॉलमधल्या खात्यावर कुणीही काहीही 'खासगी' ऐकायचं नाही. आमच्या घरी त्या खात्याचं नावच 'हॉल' आहे.

ब्लूटूथ स्पीकरबद्दल इथेच सांगून टाकते, कारण गैरसमज खूप आहे. त्याला स्वतःची अक्कल नसते. जोडलेला फोन जे पाठवेल ते तो वाजवतो, त्यामुळे स्पीकरला चाळणी लावता येत नाही, फोनमधल्या खात्यालाच लावावी लागते. पाहुण्यांपैकी कुणी आपला फोन जोडला की तुमची सगळी मेहनत बाजूला. शिवाय काम झालं की स्पीकर बंद करत जा. आमच्याकडे घरं इतकी चिकटून आहेत, की एकदा समोरच्या बिल्डिंगमधल्या पोराचा फोन आमच्या स्पीकरला जोडला गेला आणि आम्ही अर्धा तास त्याची आवड ऐकली.

स्पॉटिफाय

ॲप उघडा, वर डाव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी' मध्ये जा. तिथे 'कंटेंट' शब्द असलेल्या ओळीत 'अलाउ एक्सप्लिसिट कंटेंट' असा खटका आहे. तो बंद करा. दर दोन-चार अपडेटनंतर या ओळी जागा बदलतात, तेव्हा ओळ पाठ करण्यापेक्षा 'एक्सप्लिसिट' हा शब्द शोधा. बंद केल्यावर 'ई' असलेली गाणी यादीत दिसतात, पण करडी पडतात आणि वाजत नाहीत. हे ॲप ज्या ज्या फोनवर, टॅबवर, लॅपटॉपवर आहे तिथे जाऊन खटका बंद झालाय ना, ते डोळ्यांनी बघा.

मुलाच्या फोनवर खटका बंद केला तर मूल तो दहा सेकंदांत चालू करतं. फॅमिली प्लॅनचा खरा उपयोग इथे होतो. ज्याच्या नावाने प्लॅन आहे त्याने ब्राउझरमध्ये स्पॉटिफायच्या खात्याच्या पानावर जायचं, फॅमिलीचं पान उघडायचं, मुलाच्या नावावर टिचकी मारायची आणि एक्सप्लिसिट गाण्यांची परवानगी काढून घ्यायची. मग मुलाच्या फोनवरून ती परत चालू होत नाही.

एखादा गायक अजिबातच नको असेल तर त्याच्या पानावर जा, तीन ठिपके दाबा, 'डोन्ट प्ले धिस आर्टिस्ट' निवडा. त्याला 'ई' असो वा नसो, तो गप्प बसतो. खुणा नसलेल्या पार्टीगाण्यांवर मला सापडलेला हा सगळ्यात कामाचा उपाय. मी एका बैठकीत नऊ गायक गप्प केले. नावं सांगत नाही, तुमची यादी तुम्हाला ठाऊक असेलच.

यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक

मुंबईतल्या घरात दुसरं काही नसलं तरी यूट्यूब असतंच, आणि सगळ्यात मोठं भोकही तेच. इथे गाण्याबरोबर चित्रही येतं, खाली कमेंट्स येतात, आणि गाणं चढवणारा कुणीही असू शकतो.

पहिली पायरी 'रिस्ट्रिक्टेड मोड'. यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये तो आहे. चालू केला की मोठ्यांसाठीचे बरेच व्हिडिओ दिसेनासे होतात आणि यूट्यूबवरच्या कमेंट्सही लपतात. पण हा मोड त्या-त्या उपकरणापुरता असतो. तुमच्या फोनवर लावला म्हणजे टीव्हीवर लागला असं होत नाही. टीव्हीच्या यूट्यूब ॲपमध्ये रिमोट घेऊन पुन्हा सेटिंग्जमध्ये जावं लागतं, आणि लॅपटॉपवर क्रोम आणि एज दोन्ही असतील तर दोन्हींमध्ये वेगवेगळा लावावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका घरात चार फोन चोख होते आणि बेचाळीस इंची टीव्ही उघडा होता.

तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचा फोन दिला असेल तर गूगलच्या 'फॅमिली लिंक' मधून त्याचं खातं तुमच्या देखरेखीखाली बनवा. त्यात यूट्यूबसाठी तीन पातळ्या आहेत: 'एक्सप्लोर' साधारण नऊ वर्षांपुढच्यांसाठी, 'एक्सप्लोर मोअर' तेरापुढच्यांसाठी, आणि 'मोस्ट ऑफ यूट्यूब', ज्यात मोठ्यांसाठीची म्हणून खूण असलेलं सोडून जवळपास सगळं. मी पहिलीवर ठेवते. मधलीवर मराठी-हिंदी गाण्यांचा तोच काला मला दिसला. कोणतं ॲप उतरवून घ्यायचं हेही फॅमिली लिंकमध्ये तुमच्या परवानगीवर ठेवता येतं, म्हणजे एक ॲप बंद केल्यावर मूल दुसरं आणून बसत नाही.

त्याहून लहान मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप. त्यात मुलाचं प्रोफाइल करताना, फक्त आपण निवडलेलंच दिसेल असा पर्याय आहे. तोच घ्या. वेळ लागतो, एकेक वाहिनी निवडावी लागते, पण मग नको ते काही आत शिरत नाही. एक गंमत इथे. या ॲपच्या पालकांच्या सेटिंगला कुलूप आहे, आणि ते उघडायला ॲप गुणाकार विचारतं. मोठ्या माणसालाच येईल या भरवशावर. आमच्या धाकटीचे पाढे तिसरीतच पक्के, तिने पहिल्याच दिवशी कुलूप उघडलं. आपला स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवायची सोय तिथेच आहे, ती वापरा. आणि मुलाची जन्मतारीख ठेवू नका, तो आकडा मुलांना सगळ्यांत आधी सुचतो.

यूट्यूब म्युझिक आणि यूट्यूब यांचं खातं एकच असतं, आणि एकावर ऐकलेलं दुसऱ्याच्या शिफारशींत डोकावतं. त्यामुळे चाळणी लावल्यावर जुना इतिहास पुसा. प्रोफाइलमध्ये 'हिस्टरी' आहे, तिथून नको ती गाणी एकेक करून किंवा सगळी एकदम काढता येतात. हे केल्याशिवाय महिनाभर तरी ॲप जुन्याच वळणावर चालत राहतं.

आयफोन असेल तर

इथे काम सोपं आहे. 'सेटिंग्ज' मध्ये 'स्क्रीन टाइम', त्यात 'कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स', ते चालू करून कंटेंटच्या बंधनांत जा आणि म्युझिक-पॉडकास्टच्या ओळीत 'क्लीन' निवडा. मग स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड लावा. फोन उघडायचा आकडा इथे नको, तो घरात सगळ्यांना माहीत असतो. मूल फॅमिली शेअरिंगमध्ये असेल तर तुमच्याच फोनवरून, फॅमिलीमध्ये त्याच्या नावावर जाऊन हे सगळं करता येतं. ॲपल म्युझिक अँड्रॉइडवर वापरत असाल तर ॲपच्याच सेटिंग्जमध्ये 'कंटेंट रिस्ट्रिक्शन्स' आहे, त्यालाही पासकोड लागतो. हे बंधन फक्त ॲपलच्या गाण्यांपुरतं. त्याच आयफोनवर स्पॉटिफाय किंवा यूट्यूब असेल तर त्यांची चाळणी त्यांच्या-त्यांच्या घरात जाऊन लावायची.

बोलके स्पीकर

हे उपकरण मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण त्याला पडदा नाही. काय लागणार हे आधी दिसत नाही. मूल अर्धवट नाव सांगतं, आणि स्पीकर त्याला समजलं ते लावतो.

ॲलेक्सासाठी फोनवरचं ॲलेक्सा ॲप उघडा, 'मोअर' मधून 'सेटिंग्ज', तिथून 'म्युझिक अँड पॉडकास्ट्स', आणि त्यात एक्सप्लिसिटचा फिल्टर चालू करा. ॲमेझॉन म्युझिकच्या ॲपमध्येही एक्सप्लिसिट गाणी अडवायचा खटका आहे, तोही लावा. गूगलच्या स्पीकरसाठी 'गूगल होम' ॲपमध्ये त्या स्पीकरची सेटिंग्ज उघडून 'डिजिटल वेलबीइंग' मध्ये जायचं. तिथे फिल्टर बनवताना तो सगळ्यांना लागू करायचा की फक्त मुलांच्या खात्यांना आणि पाहुण्यांना, हे विचारतात. सगळ्यांना करा. स्पीकर मुलाचा आवाज ओळखेलच यावर मी संसार टाकणार नाही. होमपॉड असेल तर ॲपलच्या 'होम' ॲपमध्ये एक्सप्लिसिटचा खटका सापडेल.

आमच्या सासूबाई स्पीकरला "अगं ए" म्हणून हाक मारतात आणि तो ऐकत नाही म्हणून रागावतात. त्यांच्यासाठी मी दोन याद्या करून दिल्या, नावं इंग्रजी आणि सोपी: 'मॉर्निंग' आणि 'आरती'. यादीचं नाव घेतलं की तीच लागते, गाण्याच्या नावाचा घोळ होत नाही. मुलांसाठीही हाच उपाय.

देशी ॲप्स

जिओसावनवर सर्वांत आधी भाषा निवडा. मराठी ठेवली, हिंदी ठेवली, बाकी काढल्या, की पहिल्या पानावरची गर्दी लगेच बदलते. 'ई' ची खूण तिथेही काही गाण्यांवर दिसते. पण देशी ॲप्सवर देशी गाणी जास्त, म्हणून वर म्हटलं तो दादा कोंडक्यांचा पेच इथे सगळ्यात घट्ट. लहान मुलांच्या हातात मी ही ॲप्स मोकळी देत नाही, आपली यादी लावून देते.

खरा गुन्हेगार: ऑटोप्ले

आमच्या घरातली शिवी यादीतून आली नव्हती. यादी संपल्यावर ॲपने आपल्या मनाने जे लावलं त्यातून आली. या मनमानीला ऑटोप्ले म्हणतात. वरचं सगळं कंटाळा येऊन सोडलंत तरी एवढं एक आजच करा.

स्पॉटिफायमध्ये सेटिंग्जच्या 'प्लेबॅक' मध्ये 'ऑटोप्ले' बंद करा. यूट्यूब म्युझिकमध्ये गाणं चालू असताना 'अप नेक्स्ट' ची यादी उघडली की तिथे ऑटोप्लेचा खटका दिसतो. ॲपल म्युझिकमध्ये पुढच्या गाण्यांच्या यादीवर आडव्या आठसारखं अनंताचं चिन्ह असतं, ते विझवा. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्येही ऑटोप्ले वेगळा बंद करावा लागतो. बंद केल्यावर यादी संपली की शांतता होते. सुरुवातीला घरच्यांना ती खटकते, "अगं बंद का पडलं?" असं दोन दिवस विचारतात.

आपली यादी

आता ते उरलेलं अर्धं. चाळीस-पन्नास गाण्यांची यादी माणसाने कानाने ऐकून करायची. सोपं वाटतं, पण बोल नीट ऐकणं ही निराळीच गोष्ट आहे. वीस वर्षं लग्नांत नाचलेल्या गाण्याचे शब्द मी पहिल्यांदा वाचले आणि गप्प झाले. बऱ्याच ॲप्समध्ये गाण्याबरोबर बोल दिसतात. संशय आला तर ऐकू नका, वाचा.

इंग्रजी गाण्यांच्या बऱ्याचदा दोन आवृत्त्या असतात, एक 'ई' ची आणि एक शिव्या गाळलेली. मुलाला हवं ते गाणं करडं दिसलं तर त्याच नावाची दुसरी शोधा, बहुधा सापडते. मात्र शिवी गाळली म्हणून गाण्याचा विषय बदलत नाही. जिथे शब्द कापलाय तिथला खड्डा मुलं बरोबर भरतात.

दुसऱ्या कुणी केलेल्या याद्यांवर, त्यांचं नाव कितीही गोड असलं तरी, विसंबू नका. 'किड्स पार्टी' नावाच्या एका यादीत मला अकरावं गाणं असं सापडलं की ते मी लिफ्टमध्येही ऐकणार नाही.

शेवटी चाचणी घ्या. 'ई' असलेलं एखादं गाणं मुद्दाम शोधून प्रत्येक उपकरणावर लावून पाहा. वाजलं तर कुठेतरी खटका राहिला. माझ्या चाचणीत एक भलतंच उघडं पडलं. माझ्या स्वतःच्या, कॉलेजच्या दिवसांतल्या यादीतली दोन गाणी करडी झाली. थोरला शेजारीच बसला होता. "मम्मी, तू?" एवढंच म्हणाला.

थोरल्यांचं काय

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलीची चाळणी लावली की ते मूल घरात ऐकायचं थांबतं आणि क्लासच्या बाहेर मित्राच्या एका इयरफोनमध्ये ऐकतं. त्यात मुंबईतल्या मुलांना रॅपपासून तोडणं मला पटतही नाही. डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, नेझी कुर्ल्याचा. ही आपल्याच लोकल लाइनवरची पोरं आहेत. थोरल्याने एकदा मला एक गाणं समजावून सांगितलं. त्यातला मुलगा पहाटे चारला नळावर उभ्या राहणाऱ्या आईबद्दल बोलत होता, आणि दोन ओळींनंतर व्यवस्थेला शिवी घालत होता. ती शिवी मला खुपली नाही. मला जास्त खुपतं ते शिवी नसलेलं, गोड चालीचं गाणं, ज्यात मुलगी 'नाही' म्हणतेय आणि गाणारा त्याला लाजणं समजतोय. त्याला कुणी 'ई' लावत नाही.

म्हणून आमच्याकडे ठरलं ते असं. हॉलच्या खात्याला चाळणी कायमची, ती वडिलांनाही लागू. थोरल्याच्या खात्यावरची मी पंधराव्या वाढदिवसाला काढली. हेडफोनवर काय ऐकायचं ते त्याचं, स्पीकरवर आणि धाकटीसमोर नाही. बदल्यात महिन्यातून एकदा त्याने त्याच्या आवडीची तीन गाणी मला ऐकवायची आणि मी तोंड वाकडं न करता ऐकायची. दुसरी अट त्याने घातली. ती पाळणं अवघड जातं.

सासूबाईंचं मत वेगळंच पडलं. "आमच्या वेळच्या लावण्या काय कमी चावट होत्या? पण त्या फडात असायच्या, देव्हाऱ्यापुढे नव्हे." मी आठवडाभर सेटिंग्ज धुंडाळून जिथे पोचले, तिथे त्या पुरणपोळी लाटतालाटता पोचल्या होत्या.

सणाच्या दिवशी

घरचा गणपती असो की सोसायटीची नवरात्र, त्या दिवशी इंटरनेटवरून थेट गाणी लावूच नका. आदल्या दिवशी यादी ठरवा, ती फोनवर डाउनलोड करून ठेवा. पैसे भरून घेतलेल्या ॲप्समध्ये ही सोय असते. मग फोन विमान मोडवर टाका आणि त्यानंतर फक्त ब्लूटूथ पुन्हा चालू करा. इंटरनेटच नाही म्हटल्यावर ॲपला बाहेरून काही आणता येत नाही, जाहिरात वाजत नाही, आरतीच्या मध्येच कुणाचा फोन येत नाही आणि व्हॉट्सॲपची टिंगटिंगही नाही. सोसायटीच्या कार्यक्रमात यासाठी कुणाचा तरी जुना फोन वेगळा ठेवा आणि तो एकाच माणसाच्या ताब्यात द्या. "माझं एक गाणं लाव ना" म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर एकच: यादी काल बंद झाली.

विसर्जन झालं की विमान मोड काढायला मात्र विसरू नका. मी गेल्या वर्षी विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडची बहीण दारात उभी, हातात माझा विसरलेला डबा, आणि म्हणाली, "काल रात्रीपासून फोन लागत नाही तुझा, मला वाटलं गणपतीबरोबर तूही गेलीस."